अर्धा ट्रक आत्याचा

कापूरहोळ,
१० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप सगुणाआत्यास,
स्वरूपचा साष्टांग नमस्कार.

दादांच्या वर्षश्राद्धाला एवढी गर्दी झाली की तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही. टेपवाडीत मोबाईल लागत नाही, म्हणून हे पत्र भिमा दूधवाल्याच्या हाती पाठवतोय. उत्तर त्याच्याकडेच द्या, फक्त त्याला म्हणावं दुधाच्या कॅनमध्ये ठेवू नको. तुमचं मागचं पत्र मी वाळत घालून वाचलं.

विषय दादांच्या ट्रकचा आहे. दादा गेले तेव्हा ट्रक तुमच्या अंगणात होता, तो अजून तिथंच आहे. "गाडी तुम्हा दोघांची," असं दादा तुमच्यासमोर म्हणाले होते. तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. डोंगरातल्या वाड्यांवर मांडव घालायचा म्हणजे सपाट जागा मिळत नाही. मागच्या वर्षी एका लग्नात नवरा उभा होता तिथून हळूहळू घसरत पंगतीत गेला. त्यावरून मला सुचलं, ट्रकचंच मंगल कार्यालय करायचं. हौद्याचे फाळके उघडले की स्टेज तयार. वर छत, चारी बाजूंनी एलईडी, मधे महिरप. खाली डंपरचा जॅक बसवायचा, म्हणजे स्टेज वर उचललं जाईल आणि मागच्या माणसालाही लग्न दिसेल. पुढं बॉनेटवर फायबरचा गणपती, भोंग्याच्या जागी सनईचा हॉर्न आणि सगळ्याला मोरपंखी रंग.

नाहीतर गाडी तिथंच कुजून जाईल. तुम्ही हो म्हणा.

आपला,
स्वरूप


टेपवाडी,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूपला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कोरडं मिळालं. गाडी कुजत न्हाई. रोज सकाळी म्या तिची काच पुसती आन् मग म्हशीला पाणी दावती.

धरणाचं पाणी आलं तवा तुज्या बापानं, गेनबानं, माझं घर ह्याच गाडीत भरलं. आदी कौलं, मग वासे, मग दारं, मग जातं. देव माज्या मांडीवर. तुजे मामा, माजे मालक, त्याच साली गेले. गुंजवण्याहून हितं वर येताना म्या मागं बघत व्हते तर गेनबा म्हनला, "आक्का, मागं बघू नको, आरशात बघ." त्या आरशात म्या माझं गाव शेवटचं बघितलं. तू त्या आरशाला झिरमिळ्या लावनार.

तवा गाडी हाय तशीच ऱ्हाईल. रंग निळा हाय तो निळा. भोंगा हाय तो भोंगा. काचंवर तुज्या बापानं 'भैरवनाथ प्रसन' लिवलंय, त्यात एक न कमी हाय, तो बी कमीच ऱ्हाईल. आन् सीटखाली कोंबडी बसलीया अंड्यांवर. तिला उठवून कुनाची लग्नं लावनार.

दोघांची म्हंजी दोघांची. वाटनी कर. शेताची व्हती, घराची व्हती, मग गाडीची का न्हाई.

तुजी आत्या,
सगुणाबाई


कापूरहोळ,
५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

वाटणीचं तुम्ही रागानं लिहिलंय असं मला वाटलं होतं. किकवीच्या देवळात भावकी गोळा केली ती तुमची समजूत घालायला. पण पारूआजी भावकीत सगळ्यात थोरल्या, त्यांना ऐकू कमी येतं, आणि वाटणी एवढाच शब्द त्यांना ऐकू आला. पुढं काय झालं ते तुमच्यासमोरच झालं. माणसं तुमच्या अंगणापर्यंत चढून आली, सुतळी ताणली आणि केबिनच्या मागं खडूनं रेघ मारली. रेघेच्या पुढचं तुमचं, मागचं माझं.

डिझेलची टाकी बरोबर रेघेखाली आली, ती तुमच्याकडं गेली. सायलेन्सर तुमच्या हद्दीत सुरू होतो आणि माझ्या हद्दीत संपतो. धूर कुणाचा, यावर बोलता बोलता जेवणाची वेळ झाली आणि सगळे तुमच्याकडंच जेवले. मला अजून कुणी सांगितलेलं नाही की धूर कुणाचा.

असो. पंचांचा शब्द मला मान्य आहे. माझ्या अर्ध्याचं मी मंगल कार्यालय करणार, तुमच्या अर्ध्याला बोट लावणार नाही. अडचण एवढीच की अर्धा ट्रक गॅरेजला नेता येत नाही. तुमचा अर्धा पुढं चालला तरच माझा मागं येईल. तेवढी परवानगी द्यावी.

आपला,
स्वरूप


टेपवाडी,
१२ डिसेंबर २०२४

चि. स्वरूपला आशीर्वाद.

परवानगी हाय. माज्या अटी अशा. माजा अर्धा जाईल तिथं म्या जानार. गॅरेजला बी आन् लग्नाला बी. काम चालू असताना म्या केबिनात बसून ऱ्हानार, वेल्डिंगवाल्याचा हात चुकून पुढं येतो.

दुसरी अट डायव्हरची. तुजा तो कानात बोळे घालून गानी ऐकनारा डायव्हर माज्या केबिनात चढनार न्हाई. किकवीचे माऊली हायती, गेनबाच्या जोडीनं ह्या गाडीवर त्यांनी उमर घालवली. आता घरी एकटेच बसून असत्यात. त्यांना म्या निरोप धाडला तर ते दुसऱ्या दिशी चालत वर आले. बॉनेट उघडलं, आत बघितलं आन् म्हनले, "हाय की सगळं." मानूस बरा हाय. कोंबडीला न उठवता सीटवर बसले.

सगुणाबाई


कापूरहोळ,
१७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार.

रागानं लिहितोय असं समजू नका, पण परवाच्या लग्नाबद्दल लिहिणं भाग आहे. नवरी तयार, नवरा तयार, भटजी घड्याळ बघतायत आणि मंगल कार्यालयच आलेलं नाही. मी मागं हौद्यात महिरप धरून बसलो होतो. दर चढाला गाडी थांबत होती. मी खडूच्या रेघेपर्यंत येऊन केबिनवर थापा मारत होतो, तर आतून तुम्ही म्हणालात, "तुज्या बाजूला थांब." मुहूर्त गेला तो गेला. भटजींनी दुसरा काढला, तोवर वऱ्हाड दोनदा जेवलं.

वर लोक हसतात. पुढं दादांच्या काळातला निळा आणि मागं मोरपंखी. कापूरहोळच्या फाट्यावर एकानं थांबून विचारलं, अपघात कुठं झाला, मागचा ट्रक पुढच्यात एवढा कसा घुसला.

मंगलाष्टकं चालू असताना कोंबडी पिल्लं घेऊन स्टेजवर आली. ती रेघ ओलांडून माझ्या हद्दीत आली, हे मी नोंदवून ठेवतो. लोकांना तो शुभशकुन वाटला म्हणून निभावलं.

आणि एक. तुमच्या आरशाला मोगऱ्याचा गजरा बांधलेला दिसला. काही बदलायचं नाही हा तुमचाच नियम आहे. मग गजरा हा बदल नाही का?

स्वरूप


टेपवाडी,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. स्वरूपला आशीर्वाद.

इंजिन म्हातारं हाय. चढाला त्याला दम लागतो. दम लागल्यावर थांबायचं, थांबल्यावर च्या प्यायचा. माऊली म्हनत्यात, गेनबा बी असाच थांबायचा. त्यांनी मला थांबायच्या सगळ्या जागा दावल्या. एका जागी करवंदाच्या जाळीखाली दगड हाय, त्यावर दोन मानसं नीट बसत्यात. तिथून सगळं खोरं दिसतं. एवढी वर्सं ह्या डोंगरात काढली पर म्या बसून कवाच बघितलं न्हवतं, शेरडांच्या मागंच असायची.

गजरा माऊलींनी आनला. लग्नाची गाडी हाय म्हनून आनला. म्या म्हनलं काय करायचं त्याचं, मग आरशाला बांधला. सुकला की काढते. सुकला की ते दुसरा आनत्यात.

सगुणाबाई


कापूरहोळ,
२१ एप्रिल २०२५

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार.

धरणाच्या वर वसवलेल्या नव्या गुंजवण्यातल्या लग्नात मागच्या बाजूला काय झालं ते तुम्हाला दिसलं नसेल. तुम्ही वर होता. म्हणून सांगतो.

जागा कमी होती, म्हणून माऊलींनी गाडी भाताच्या खाचरात मागं घेतली आणि मागचा भाग बांधाला टेकवला. मी जॅक सुरू केला, स्टेज छान उचललं. अक्षता पडल्या. मग फोटोवाला म्हणाला, नवरीकडची सगळी मंडळी स्टेजवर या. नवरीकडची मंडळी किती आहेत हे त्या माणसाला माहीत नव्हतं. सगळी मागच्या कडेला दाटीनं उभी राहिली आणि फोटोवाला म्हणाला, अजून थोडं मागं सरका.

मला आधी वाटलं जमीन खाली चाललीय. मग खालून लोक ओरडायला लागले की केबिन वर चाललीय. बघतो तर पुढची चाकं हवेत आणि तुमचा अर्धा एखाद्या घराच्या कौलाएवढा उंच. मागं स्टेज मात्र बांधावर टेकून सपाट, गुलाबजाम ठेवला तर हलला नसता.

आता एक जरी माणूस उतरला तरी तुम्ही धाडकन खाली याल, म्हणून मी माईकवर सांगितलं, कुणी हलायचं नाही. जेसीबी येईपर्यंत सगळं लग्न तसंच उभं राहिलं. कन्यादान उभ्यानं, सूनमुख उभ्यानं. पंगतीचं वाढप स्टेजवर हातोहात आणलं. मुलीचे मामा वजनदार आहेत, त्यांना जेवून अजून जड व्हा अशी विनंती करावी लागली. शेवटी जेसीबीनं पुढून बंपरला पंजा अडकवून तुम्हाला हळूच खाली घेतलं.

तुम्ही केबिनमधून उतरलात आणि माझ्याशी एक शब्द न बोलता एसटीनं गेलात. जीवाला काही झालं असतं तर मी दादांना काय तोंड दाखवलं असतं? जॅक काढून टाकायचा का? तुम्ही म्हणाल तसं. यात मी रेघ मधे आणणार नाही.

आपला,
स्वरूप


टेपवाडी,
२६ एप्रिल २०२५

चि. स्वरूपला अनेक आशीर्वाद.

तू घाबरू नको. म्या रागावले न्हवते. बोलायला सुचलं न्हाई, एवढंच.

पुढल्या बाजूचं सांगते. गाडी वर जायला लागली तसा म्या देवाचा धावा केला. माऊलींनी ब्रेक दाबला. चाकं हवेत असताना ब्रेक दाबून काय व्हनार, पर त्यांनी शेवटपर्यंत पाय काढला न्हाई. मग सगळं थांबलं. काचंतून नुस्तं आभाळ. बाजूच्या खिडकीतून राजगड आन् खाली धरणाचं पानी. मागं तू माईकवर बोलत व्हतास, ते लांबून कुनीतरी बोलावं तसं वाटत व्हतं.

तेवढ्यात माऊलींच्या मोबाईलला रेंज आली. त्यांच्या लेकीचा फोन व्हता मुंबईहून. ती म्हनली, बाबा कुठं हाय. ते म्हनले, लग्नात. ती म्हनली, कुनाच्या. त्यावर त्यांनी फोन माज्या हातात दिला. म्या तिला म्हनलं, बरं हाय सगळं, तू जेवलीस का.

पान्याखाली माझं जुनं घर कुठं असंल ते म्या माऊलींना बोटानं दावलं. त्यांनी दोनदा इचारून नीट बघून घेतलं. आजवर कुनी दोनदा इचारलं न्हवतं.

जॅक काढू नको.

सगुणाबाई


कापूरहोळ,
२ मे २०२५

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार.

जॅक काढत नाही, आणि काढता येणारही नाही. त्या लग्नाचा व्हिडिओ सगळीकडं फिरला. आता माणसं येऊन विचारतात, ते वर जाणारं कार्यालय तुमचंच का? वर जाणार नसेल तर आम्हाला नको म्हणतात. भोरच्या एका पार्टीनं विचारलं, केबिनमधली आजीबाई धरून मिळेल का. मी हो म्हणून बसलोय.

आता एक नाजूक गोष्ट. भिमानं सांगितलं, लग्न नसलं तरी माऊली किकवीहून टेपवाडीला येतात. परवा त्यांनी तुमच्या गोठ्याचं छप्पर शाकारलं म्हणे. आत्या, तुम्ही साध्या आहात, पण मी फाट्यावर धंदा करतो, मला माणसं कळतात. उगाच कुणी एवढा डोंगर चढत नाही. त्यांचा डोळा तुमच्या अर्ध्यावर आहे. गोड बोलून केबिन आणि इंजिन स्वतःच्या नावावर करून घेतील. माझा मागचा भाग मग कुणाच्या जिवावर चालणार? त्यांना स्पष्ट विचारा, मनात काय आहे ते.

आपला,
स्वरूप


टेपवाडी,
७ मे २०२५

चि. स्वरूपला अनेक आशीर्वाद.

इचारायची गरज न्हाई, त्यांनीच सांगितलं. वर असताना सांगितलं. खाली असतं तर म्या उठून गेले असते. तिथं उठून जायला जागा न्हवती, म्हनून पुरतं ऐकून घेतलं. ऐकल्यावर वाटलं, वाईट काय बोलला न्हाई मानूस.

आमी लगीन करतो हाय. माऊलींच्या लेकीला त्यांनी सांगितलं, ती थोडं रडली मग हो म्हनली. तुला सांगायला मला लाज वाटत व्हती म्हनून गेल्या पत्रात लिवलं न्हाई.

रोज रातच्याला दोन भाकरी करते, एक शिळी ऱ्हाती. एकच करायला हात धजत न्हाई. लई वर्सं झाली आता.

सतरा तारखेला तुजं कार्यालय मोकळं हाय का ते कळव. वाडीतली मानसं थोडी हायती, फोटोला मागं सरकायला नको सांगू.

तुजी आत्या


कापूरहोळ,
९ मे २०२५

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. भिमाला विचारलं, हे खरंच आत्यानं दिलं का. तो म्हणाला, देताना लाजत होत्या.

आत्या, हे करू नका. भावकीत काय बोलतील ते बोलोत, मला स्वतःलाच हे सोसत नाही. दादा गेले. घरातलं सगळं बदललं. मी मनाशी धरून आहे की टेपवाडीत आत्या आहे, दारात म्हैस आहे, गेलं की च्या मिळतो आणि बोलणी मिळतात. लहानपणापासून तुम्ही जशा आहात तशाच मला पाहिजेत. तुमच्यात कुणी काही बदल करावा हे मला बघवणार नाही. माऊलींबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी गाडी चालवावी आणि घरी जावं.

सतरा तारखेला कार्यालय मोकळं नाही.

स्वरूप


टेपवाडी,
१३ मे २०२५

स्वरूप,

म्या काय ट्रक हाय का.

गाडीला काय वाटतं ते मला ठावं न्हाई. मला वाटतं. सकाळी उठल्यावर वाटतं, सांजचं वाटतं. तू येतोस सणाला, च्या पितोस आन् बोलनी खाऊन जातोस, मग मागं ऱ्हायलेला दिवस माजा असतो.

पंचांनी पुढली बाजू मला दिलीया. सतरा तारखेला म्या आन् माऊली केबिनात बसून नव्या गुंजवण्याच्या देवळाला येनार. मागली बाजू यायची का न्हाई ते तिचं तिनं ठरवावं. पर आली तर सजवून आली पाहिजे, लग्नाचं हाय.

सगुणाबाई


टेपवाडी,
२५ मे २०२५

तीर्थरूप सौ. आत्या आणि तीर्थरूप माऊलीमामा यांस,
स्वरूपचा साष्टांग नमस्कार.

'मामा' लिहिताना पेन जरा अडलं, मग लिहिलं. आता सवय होईल.

हे पत्र महाडच्या पत्त्यावर पाठवतोय. भिमा खाली जाऊन पोस्टात टाकेल. तुमचं कार्ड काल मिळालं.

त्या दिवशी देवळासमोर मी जॅकपाशी उभा होतो. रागातच होतो. रात्रभर खपून महिरप मात्र चांगली केली होती, धंद्याचा प्रश्न होता. भटजींनी विचारलं, मुलीकडून कोण? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मुलीकडून वर चढू शकेल असं मी सोडून कुणीच नव्हतं. मी वर चढलो. तुमचा हात हातात घेतला तेव्हा लक्षात आलं, मी आजवर तुमच्या पाया पडलोय पण हात कधी धरलेला नाही. शेणगोठा करून करून दगडासारखा झालाय. राग कुठं गेला ते मला कळलं नाही. लग्न लागल्यावर तुम्ही दोघं केबिनात बसलात, तेव्हा जॅकचं बटण मीच दाबलं आणि स्टेजवरच्या वाडीतल्या माणसांना मीच म्हणालो, मागं सरका. तुम्ही दोघं इतके वर गेलात की पारूआजी खालून विचारत होत्या, वाटणी झाली का.

मग तुम्ही भोरच्या घाटानं खाली उतरून समुद्र बघून दोन दिवसांत येतो म्हणालात. माझं अख्खं मंगल कार्यालय तुमच्या मागं गेलं. म्हशीचं आणि शेरडांचं कुणाच्याच लक्षात नव्हतं, म्हणून मी इथं टेपवाडीत थांबलो. आता तुमच्या कार्डावरून कळतंय की महाडजवळ तुम्ही एक लग्न लावलंत, त्या लोकांना फार आवडलं, आणि तसंच थोडं पुढं जाताय. मला रेंज नाही, त्यामुळं भोरच्या पार्टीला काय सांगायचं ते सांगता येत नाही. त्यांना आजीबाई केबिनमध्ये पाहिजे आहे.

तुमच्याकडं तक्रार अशी नाही. सकाळी शेरडं वर नेतो. करवंदाच्या जाळीखालचा दगड सापडला, खरंच दोन माणसं बसतात. मी एकटाच बसतो. एक भाकरी करायला माझाही हात धजत नाही, तुमचं ते खरं आहे.

अडचण म्हशीची आहे. पहिल्या दिवशी तिनं लाथ मारली, दुसऱ्या दिवशी दूध चोरलं. भिमा म्हणाला, तिला आत्याच पाहिजे, दुसऱ्या कुणाला ती पान्हवणार नाही. सगळं करून बघितलं. शेवटी दांडीवरचं तुमचं जुनं हिरवं लुगडं अंगाला गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बसलो. लगेच पान्हवली. भांडं भरून दूध दिलं आणि माझा कान चाटला. तेव्हापासून दोन्ही वेळा तसाच बसतो. कासोट्याचं अजून नीट जमत नाही, पण चालताना अडखळायचं थांबलंय.

कुणी बघितलेलं नाही असं मला वाटत होतं. तुम्ही लवकर या. आज सकाळी भिमा कॅन घेऊन गोठ्याच्या दारात आला आणि "आत्या, दूध झालं का?" अशी हाक मारली. मी म्हणालो, "व्हय, झालंय. जरा थांब."

आपला,
स्वरूप